कोकिळाबाईंचा लसूण

अमडापुरात कुणाला चाई पडली, डोक्यावर रुपयाएवढं टक्कल दिसलं, की दवाखान्याआधी कोकिळाबाईंचं दार गाठायचं, असा रिवाजच होता. उपाय सोपा. गोणपाटाने जागा घासून लाल करायची आणि वर ठेचलेला लसूण चोळायचा. लाली आली म्हणजे गुण आला. बऱ्याच जणांचे केस तसेही आले असते, पण श्रेय लसणाला. बाई मिरवायच्या आणि आम्हीही त्यांना 'डॉक्टरीण' म्हणून चिडवायचो.

मग केस सुनेचेच गेले. सुचिताला कातडीचा आजार लग्नाआधीपासूनचा. ऊन लागलं की गालांवर, कानांवर लाल खवले धरायचे. गोळ्यांनी दबायचा, पुन्हा उठायचा. यंदा कपाशी वेचताना उठला आणि डोक्यात मागच्या बाजूला टक्कल पडलं. चट्टा आधीच लाल. दुसरी बाई बिचकली असती, कोकिळाबाई हरखल्या. "पाह्य, न घासताच लाल! लवकर येतीन केस." दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लसूण चालला. सुचिता दात आवळून बसायची. टक्कल तळहाताएवढं झालं, तेव्हा कुठे दोघी चिखलीला दवाखान्यात गेल्या.

"डोक्याला काही लावलं होतं?" त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," सुचिता चटकन म्हणाली.

"मग हे भाजल्यासारखं काय? ते कळल्याशिवाय मी मलम कसं लिहू?"

सुनेने पदर डोक्यावर ओढून घेतला. शेवटी सगळ्या गावाला उपदेश करणाऱ्या कोकिळाबाईंच्याच तोंडून निघालं, "म्या लावला. लसूण. रोज. लाल होतं, मले वाटलं गुण येऊन राह्यला."

"ती लाली म्हणजेच आजार होता, आजी. चेहऱ्यावरचाच डोक्यात उतरला." डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "जिथे व्रण पडून कातडी गुळगुळीत झालीय, तिथे आता केस येणार नाहीत. कडेचे वाचवू. गोळ्या, मलम, आणि उन्हात डोकं झाकायचं. लवकर आला असतात तर आणखी वाचले असते."

परतताना एसटीत कोकिळाबाईंनी सुनेकडे पाहिलंच नाही. आजार घरातलाच, रोज डोळ्यांपुढचा, तरी आपण ओळखला नाही. त्यापेक्षा जास्त लागलं ते पोरगी आपल्यासाठी खोटं बोलली ते.

संध्याकाळी सुचिताने मलमाची नळी त्यांच्या पुढे ठेवली आणि पाठ करून बसली.

"माह्या हातानं नको व माय."

"मले मागचं दिसत नाही, आई. तुम्हीच लावा."

बाईंनी बोटाच्या टोकावर जरासं मलम घेतलं. इतके दिवस लसूण चोळताना जे एकदाही विचारलं नव्हतं, ते त्यांनी हळूच विचारलं, "दुखून राह्यलं का व?"

"आता नाही," सुचिता म्हणाली. "तवा लय दुखे."