नाव गिळणारा सूचनामास्तर

सूचनामास्तरच्या खिशात कागदाचा कपटासुद्धा सापडायचा नाही. कामावर तो कंपनीच्या खरेदी खात्यात होता, दिवसभर कागदांतच बुडालेला. पण शुक्रवारी आमच्या उपासनेला येताना खिसे झाडून यायचा. आठवड्याच्या साऱ्या बातम्या डोक्यात. कोण आजारी, कुणाला बाळ झालं, कुणाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकला, कुठं डबा पोचवायचा, कुठं म्हाताऱ्याजवळ बसायला माणूस हवा. शेवटचं गीत झालं की तो उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि दोन्ही हातांची बोटं एकेक करून दुमडायचा. बोटागणिक एक सूचना. दहाच्या वर कधी गेला नाही. अकरावी असली तर म्हणायचा, "बोटं संपली. बाकी देवाकडे."

आमची मंडळी बिशपांची. गावाकडं, नगर जिल्ह्यात, पाळकसाहेब छापील पत्रक वाचतात आणि कुणी ऐकत नाही, पोरं तोवर चपला शोधायला लागतात. इकडं सौदीत चर्चला परवानगी नाही. खोबर शहरात प्रसादराव म्हणून आंध्रचे इंजिनियर होते, त्यांच्या हॉलमध्ये आम्ही पंधराएक माणसं जमायचो. पडदे ओढलेले, गाणी हळू आवाजात. "फोन सब कुकर में डालो भाई," असं प्रसादराव दारातच सांगायचे, आणि खरोखरच सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या मोठ्या कुकरात जायचे. कागद नाही, फोटो नाही. हे कुणी शिकवत नाही, आल्यावर आपोआप कळतं. म्हणून आमचं पत्रक म्हणजे मास्तर. दोन पायांवर चालणारं.

मी अबकैकच्या कॅम्पात बस चालवायचो. शुक्रवारी कॅम्पातली माणसं खोबरच्या बाजारात सोडायची आणि चार तासांनी परत आणायची, ही माझी ड्यूटी. मंडळीतली सातजणं, मास्तर धरून, त्याच बसनं यायची, बाजारात उतरून प्रसादरावांकडं चालत जायची, बस लावून मीपण. माझी बस नसती तर अर्धी मंडळी नसती. मास्तर हे बोलून दाखवायचा. "याकोबा, तू आमचा मोशे. तू समुद्राऐवजी हायवे दुभंगतोस."

मी म्हणायचो, "देवानं कबूल केलेल्या देशात मोशे शेवटी पोचलाच नाही रे. त्याला गाडी लावायला जागा मिळाली नसेल."

महिन्यातून एकदा तो कंपनीच्या कामानं पूल ओलांडून बहारीनला जायचा. तिथं आपल्या मंडळीचं चर्च आहे, पाळक आहे, बिशपसाहेब येऊन जातात. तिकडनं आला की त्याच्या बोलण्याला वेगळंच बळ यायचं. तिथल्या गायनमंडळात पुरुषांचे आवाज कमी पडलेत, बोटीवरच्या खलाशांना भेटायला माणसं पाहिजेत, संडे स्कूलला शिक्षिका मिळेना. आम्हाला त्यातलं काही करता येणार नसायचं. तरी तो सांगायचा. म्हणायचा, "आपण एवढे पंधराच नाही, हे कळायला नको?" एखाद्या महिन्यात त्यानं बहारीनचं सांगितलं नाही तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

त्याचा एक नियम होता. नाव गिळायचं, गरज सांगायची. "एक भाऊ आहे, पाय प्लास्टरात, पहिला मजला, डबा लागतो." नाव नाही. ज्यानं हात वर केला त्याच्याच कानात नंतर नाव सांगायचा. सावधगिरी म्हणून सुरू झालं असेल, पण पुढं त्याला त्याची गोडी लागली. त्याचं म्हणणं, नाव कळलं की माणूस आधी नातं बघतो, मग मदत करतो. एकदा त्यानं बोट दुमडून सांगितलं, "एका भावाला मूळव्याधीचा त्रास आहे. धंदा असा की दिवसभर बसावं लागतं." सगळेजण माना वळवून माझ्याकडं बघायला लागले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मास्तर, एवढं गिळलंस तर ड्रायव्हरचं सीटपण गिळायचं होतं." प्रसादरावांची बायको हसत हसत स्वयंपाकघरात पळाली. पुढच्या शुक्रवारी माझ्या सीटवर कुणीतरी मऊ गादी ठेवलेली. कुणी, ते आजतागायत कळलं नाही.

ह्या कामांना तो सेवेची संधी म्हणायचा. मदत हा शब्द त्याला चालत नसे. "मदत आपण करतो. संधी आपल्याला मिळते," म्हणायचा. कुणी हात वर केला नाही की दटावायचा, "अरे, देवानं दोन दिलेत, एक तरी वर करा." मी सगळ्यांत जास्त वेळा केला असेल. दवाखान्यात एका मल्याळी म्हाताऱ्याला सहा शुक्रवार अंघोळ घातली. मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. तो मेला तेव्हा मी रडलो. मास्तर म्हणाला, "बघ, तुला केवढं मिळालं." मला ते पटलं होतं. त्या माणसाचं सगळंच मला पटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मास्तर सुट्टीवर गेला. त्याचं गाव आमच्या गावापासून दोन मैलांवर. मी त्याच्याजवळ घरी द्यायला बोचकं दिलं, खजूर, ब्लँकेट आणि रूथला आवडणारा अंगाचा साबण. रूथ माझी बायको. महिनाभरानं तो परत आला. मी विचारलं, "कशी आहे?" तो म्हणाला, "तुझी आठवण काढते." पहिल्याच शुक्रवारी चौथं बोट दुमडताना त्यानं सांगितलं, "एक बहीण आहे. लांब आहे. पोटात गाठ आहे. घरच्या माणसाला कळू नये अशी तिची इच्छा. हिच्यासाठी जाऊन काही करता येणार नाही. संधी फक्त प्रार्थनेची."

पहिला हात माझा वर गेला.

तेव्हापासून ती बहीण दर शुक्रवारी चौथ्या बोटावर. मी दर शुक्रवारी तिच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायचो. एकदा बसमध्ये मास्तरला म्हणालोसुद्धा, "कसला नवरा आहे रे तो? बायकोच्या पोटात गाठ आणि बैलाला पत्ता नाही."

मास्तर खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "असतात असे."

रूथशी माझं रोज बोलणं व्हायचं. व्हिडिओवर ती डोक्यावरून घट्ट पदर घ्यायची. मी विचारलं, तर म्हणाली, "थंडी आहे हो इकडं." मला वाटलं वय झालं, भक्ती वाढली. तिचा चेहरा बारीक दिसायचा. ती म्हणायची, "फोनच बारीक दाखवतो." आणि मी हसायचो. हे मी लिहितोय ते स्वतःला शिव्या द्यायला नाही. जसं झालं तसं सांगतोय.

हिवाळा संपत आला तरी त्या बहिणीचं काही बरं होईना. एका शुक्रवारी मला राहवलं नाही. मी देवाशी गोड बोलू शकत नाही, जसा बसमधल्या माणसांशी बोलतो तसाच बोलतो. म्हणालो, "प्रभू, त्या बाईचे किती हाल करशील? बरी करायची तर कर, नाहीतर मोकळी कर. तिच्या माणसाला कळेल तेव्हा कळेल. तिला लटकत ठेवू नको." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मास्तरचा आमेन मला ऐकू आला नाही.

सहा आठवड्यांनी माझ्या पोरीचा, आशाचा फोन आला. आई गेली. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो मालक, चांगला; एका दिवसात परतीचा व्हिसा काढून दिला. मातीला पोचलो. चेहरा उघडून दाखवला तेव्हा डोक्यावर केस नव्हते. मी म्हणालो, ही कोण?

तिसऱ्या दिवशी आशानं सगळं सांगितलं. मास्तर बोचकं घेऊन आला तेव्हा रूथ नुकतीच दवाखान्यातून आलेली. तिनं त्याच्याकडून शब्द घेतला. पूर्वी माझ्या आईच्या दुखण्यात मी सुट्टी न घेता पळून आलो होतो आणि मग तीन वर्षं मला परत जाता आलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, त्यांना कळलं तर ते बस रस्त्यात सोडून येतील. आशाचं नर्सिंग अर्ध्यावर आहे."

तिथवर मी समजू शकलो. पुढचं समजलं नाही.

आशा म्हणाली, "बाबा, मास्तरकाकांचा शुक्रवारी संध्याकाळी फोन यायचा. तुम्ही केलेली प्रार्थना आईला म्हणून दाखवायचे. जशीच्या तशी. मधे तुम्ही खोकलात तर तेपण. आई हसायची. म्हणायची, बघ, देवालापण दम देतात."

मी विचारलं, "सगळ्या सांगितल्या?"

पोरगी खाली बघायला लागली. मग म्हणाली, "ती मोकळी कर वाली ऐकल्यावर आई हसली नाही. मग म्हणाली, ह्यांनी सोडलं मला. आता दवाखाना बास."

त्यानंतर ती गेलीच नाही दवाखान्यात.

मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, आईनं बांधून ठेवलेल्या पोरीवरही नाही. माझा सगळा राग मास्तरच्या वाट्याला आला. महिन्यानं परत आलो. पहिल्याच शुक्रवारी बाजारात बस लावली, माणसं उतरली, तो मागं थांबला. त्याला माहीत होतं.

मी म्हणालो, "मास्तर, ह्या मंडळीत तू प्रत्येकाला सेवेची संधी वाटलीस. मल्याळी म्हाताऱ्याची अंघोळ मला दिलीस. माझ्या बायकोची नाही दिलीस. तिचं डोकं पुसायचं होतं, तिला पाणी द्यायचं होतं. ती माझी संधी होती. ती तू खाल्लीस."

"तिनं शब्द घेतला होता, याकोबा."

"शब्द गप्प बसायचा होता. माझ्या तोंडची प्रार्थना तिला नेऊन दे, असा शब्द होता?"

"तिला तुझा आवाज हवा होता. तिला दुसरं काय देता येत होतं मला?"

"मग ती मोकळी कर वाली कशाला सांगितलीस? एक शुक्रवार जीभ चावता आली नाही?"

मग म्हणाला, "मी मधलं गाळत नाही. मला येत नाही गाळायला."

मी विचारलं, "आणि खरं सांग. मी गेलो असतो तर बस कोण चालवणार होतं, हे आलं होतं का मनात?"

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. हा म्हणाला, "आलं होतं. एकदा नाही, दर शुक्रवारी आलं." एवढं बोलून तो बसच्या पायरीवर खाली बसला. माझ्या वयाचा माणूस, पण त्या वेळी म्हातारा दिसला. मी त्याला उठवलं नाही. इंजिन बंद केलं आणि उन्हात जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर वर्षभर आम्ही एकाच बसनं गेलो. मंडळीला काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं याकोब दुःखात आहे म्हणून बोलत नाही. तो सूचना देत राहिला, पण नऊच बोटं दुमडायचा, चौथं उघडं ठेवायचा. मला ते बघवायचं नाही आणि तिथून नजरही हटायची नाही.

मग त्याची नोकरी संपली. एक्झिट लागली, आता कायमचं गावी जायचं. दम्मामच्या विमानतळावर त्याला सोडायची ड्यूटी माझ्यावरच आली, कॅम्पात दुसरा ड्रायव्हर मोकळा नव्हता. तासभर गाडीत आम्ही दोघंच. तो रस्त्याकडं बघत होता, मीपण. विमानतळाच्या दारात मी त्याच्या बॅगा उतरवल्या. तो म्हणाला, "याकोबा, शिव्या दे. पण काहीतरी बोल."

मी म्हणालो, "बोललो तर तू पाठ करशील."

त्यानं मान हलवली. पाठीमागून पोलीस "यल्ला, यल्ला" करून गाडी काढायला सांगत होता. मास्तरनं हात पुढं केला. मी त्यात बॅगेचा पट्टा दिला. तो आत गेला. काचेतून मला दिसत होता, रांगेत पुढच्या बाईची ट्रॉली अडकली होती ती सोडवत होता. तेवढ्या घाईतही.

आता सूचना प्रसादरावांची बायको देते. तिला मराठी कळतं पण बोलता येत नाही, हिंदीत देते, अर्धं विसरते आणि मग सगळे मिळून आठवतात. बसही मीच चालवतो, अजून एक वर्ष. मास्तरसारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे मी त्याच्या तोंडावर म्हणणार नाही, पण इथं लिहितो. अनोळखी माणसाच्या दुखण्याला धावून जायचं मी त्याच्याकडूनच शिकलो. तो नसता तर मी नुसता ड्रायव्हर राहिलो असतो.

मोठ्यानं प्रार्थना मात्र करत नाही. सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना तेवढी म्हणतो. त्यात क्षमेची ओळ येते, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर. तिथं मी तोंड मिटतो आणि पुढच्या ओळीला परत त्यांच्यात मिसळतो. शेजारच्याला कळत असेल तर कळू दे. मनात नाही ते देवासमोर म्हणायला मला जमत नाही. ज्या दिवशी जमेल, त्या दिवशी म्हणेन.