आईची निळी नळी

"शुगर माही, अन् लाल नळी तुह्या मायची? हा कोणता न्याय हाय बाई!"

शेजारच्या खाटेवरच्या मावशींचं हे वाक्य परवा भाजी चिरताना आठवलं आणि मी एकटीच हसत सुटले... ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी नऊ वर्षांची. भंडाऱ्याच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड.

आमचं खेडं त्याच जिल्ह्यातल्या करडी गावाच्या बाजूचं. धान कापताना आईच्या पायाला विळा लागला. तिने हळद दाबली आणि चार दिवस तशीच कापणी केली. पाचव्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला, अंग तापलं आणि ती मला ओळखेना...

डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, विष रक्तात गेलंय, काही सांगता येत नाही. मी दारामागे उभी होते. सगळं ऐकलं.

तेव्हा बोटातून थेंब काढून आकडा दाखवणारं मशीन तिथे नव्हतं. सिस्टर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायच्या, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायच्या. नळी निळी राहिली तर साखर नाही. साखर असली तर हिरवी, पिवळी, नारिंगी... आणि खूपच असली तर विटेसारखी लाल.

मावशी शुगरच्या जुन्या पेशंट, न्यूमोनिया होऊन आलेल्या. त्यांची नळी हिरवी. आईला शुगर कधीच नव्हती, आणि तिची लाल! त्यावरच मावशी ते बोलल्या. सगळा वॉर्ड हसला. सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत.

त्यांनी बाबांना समजावलं, आजार एवढा मोठा असला की शुगर नसलेल्या माणसाचीही साखर चढते. ती उतरली नाही तर जखम भरायला जड जातं. आईला इन्सुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी उकळली... पुन्हा लाल.

"एवढी सुई देऊन उतरून काहून नाही राहिली? कोणी काही पाजता का हिले?" सिस्टरनी विचारलं.

आत्याने मला ग्लुकोजचा डबा दिला होता. "ताकद येते पोरी, घंट्या-घंट्याले देत जाजो." आई ग्लानीतून जरा जागी झाली की मी पाणी पाजायची, त्यात दोन चमचे ग्लुकोज. लवकर बरी व्हावी म्हणून कधीकधी तीन...

मी डबा आणून सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि काय पाजत होते ते सांगून टाकलं. आता थप्पड बसणार म्हणून डोळे मिटले. त्यांनी डबा उचलून कपाटात टाकला. "बरं केलं सांगितलं. नाही तं मी सुई वाढवतच गेली असती."

एवढंच. बाबांनाही त्यांनी ते कधी कळू दिलं नाही.

आणि मग काय सांगू! संध्याकाळी नारिंगी. सकाळी पिवळी. दुपारी हिरवी! आता नळी उकळायची वेळ झाली की सगळ्यांचे नातेवाईक दिव्याभोवती गोळा व्हायचे. मावशी खाटेवरूनच ओरडायच्या, "काय रंग आला वो? माह्या पुढं गेली का?"

चौथ्या दिवशी सिस्टरनी नळी खिडकीच्या उजेडात धरली... निळी! मी "निळा आला, निळा आला" म्हणून अशी ओरडले की कोपऱ्यातली बाळंतीण दचकून उठली. आणि मागून आवाज आला, "काहून बोंबलून राहिली व, पोरी?"

आईने मला ओळखलं होतं.

त्या सिस्टरचे आभार मानायचे राहूनच गेले. घरी निघताना त्या आईला म्हणाल्या होत्या, "आता उतरली, पण वर्षातून एकदा तपासत जाजा. आजारात चढलेली साखर पुढं कधी परत येते." आईने त्यातलं फक्त 'उतरली' लक्षात ठेवलं.

आता ती सत्तरीच्या पुढे आहे. हल्ली सारखी तहान लागते, पायाची छोटीशी जखम महिनाभर भरत नाही. मी मशीन काढलं की एकच उत्तर... "माही नळी निळी आली होती. तूच तं बोंबलली होती!"

आई, ही पोस्ट तुझी नात तुला वाचून दाखवेलच. तू नाही म्हणशील, माहीत आहे. तरी मागते... उद्या सकाळी चहाच्या आधी, फक्त एकदा, बोट पुढे कर ना. आकडा काहीही येऊ दे, मी अजिबात ओरडणार नाही.