आधी छाती तपासा

खोकला आला म्हणून मला चपलांच्या स्टँडजवळ बसवलं. लातूरचा खाजगी दवाखाना. आधी माझ्या शेजारी उदगीरच्या बड्या दुकानदाराची बायको बसली होती. तिचा मुलगा सिस्टरला म्हणाला, "हिला बाहेर काढा. टीबी असंल. ह्यांच्या वस्तीत असतोच."

सिस्टरनं मला विचारलंसुद्धा नाही. कॅन्सर त्या बाईलाही, मलाही. उठले मीच.

टीबी नव्हता मला. गळ्यात गाठी होत्या, केमो चालू होती. गाठी विरत आल्या आणि कोरडा खोकला लागला. मी मुरुडच्या शाळेत खिचडी शिजवायची. भरलं पातेलं एकटी उतरवणारी बाई. आता साडी नेसतानाही धाप लागायची.

डॉक्टरला सांगितलं. तो मोबाईलमध्येच बघत होता.

"तंबाखू खात असाल. वर चुलीचा धूर. तुम्हा लोकांचं हेच."

"म्या तंबाखूला हात लावला न्हाई, साहेब."

"सगळे असंच म्हणतात."

छातीला नळी लावली नाही. लांबूनच घरी पाठवलं.

थोरली बहीण सोबत होती. तिनं माझा दंड दाबला. "गप बस. उलटं बोललीस तर औषध बंद करतील." मी तिच्यामागं बाहेर आले.

पुढच्या खेपेला सिस्टर केमोची बाटली टांगू लागली. श्वास पुरत नव्हता. वाटलं, अशीच गप्प राहिले तर इथंच मरेन. आणि हे लोक म्हणतील, तंबाखूनं गेली.

मी हात मागं घेतला.

"आधी छाती तपासा. मग सुई."

डॉक्टर आला. ओरडला, "मला शिकवतेस?"

"शिकवत न्हाई. सांगायले. तपासल्याबिगर हात देणार न्हाई."

बहीण रडायला लागली. सगळा वॉर्ड बघत होता. मी हात पदराखाली घट्ट धरला होता.

शेवटी छातीचा स्कॅन काढला. केमोतल्या एका औषधानंच फुप्फुसं सुजली होती. चट्टे पडले होते. ते औषध थांबवलं, सुजेच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाला, "होतं कधीकधी असं." बस, एवढंच.

सूज उतरली. चट्टे राहिले. शाळेचं काम सुटलं.

आता गावात कुणाला केमो लागली की मी सोबत जाते. कोरडा खोकला, धाप, सगळं डॉक्टरपुढं बोलायला लावते. बाई भ्याली तर मीच बोलते. अर्ध्या वाक्यात दम संपतो. थांबते, श्वास घेते, उरलेलं बोलते. तोवर डॉक्टरनं थांबायचं.