आईनं झाकून ठेवलेलं दुखणं

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची, म्हणून सगळे तिला काचवालीच म्हणायचे. मनात डूख धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुकानदारानं एकदा न विचारता तिच्या डब्यातलं खाल्लं, तर ती वर्षभर त्याच्याकडे पाठ करून जेवली.

तिचा मुलगा पाच वर्षांचा झाला आणि चालता चालता पडायला लागला. उठताना गुडघ्यांवर हात टेकून स्वतःला कसाबसा वर उचलायचा.

"स्नायूंचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा आईकडून येतो, आणि होतो मुलग्यांना. माहेरी कुणाला होता का?"

"नाही," काचवाली म्हणाली. शेजारी बसलेली तिची आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

घरी येताच तिनं आईला धरलं. "दोन्ही मामा नदीत बुडाले म्हणून सांगितलं होतंस."

"दहाव्या वर्षी दोघांचे पाय गेले," आई कशीबशी बोलली. "विशीच्या आत दोघंही गेले. सांगितलं असतं तर तुला कुणी करून घेतली असती?"

काचवालीला तेव्हा तिसरा महिना होता. गर्भाची तपासणी केली, त्यातही तेच निघालं. नवरा-बायको दोन दिवस एकमेकांशी बोलत राहिली, रडली आणि गर्भ पाडायचं ठरवलं. दवाखान्यातून परतताना ती नवऱ्याला म्हणाली, "आधी कळलं असतं तर डोळे उघडे ठेवून ठरवलं असतं. याचं उट्टं मी काढणार."

त्यासाठी ती चार वर्षं थांबली. धाकट्या बहिणीचं लग्न जुळलं आणि आईनं तिथंही तोंडाला कुलूप लावलं. बोलणी पक्की करायला मुलाकडचे आले, तेव्हा काचवाली आपल्या मुलाला चाकांच्या खुर्चीत बसवून घेऊन गेली. त्याचा रिपोर्ट पाहुण्यांसमोर ठेवला आणि दोन्ही मामांचं सगळं सांगून टाकलं. आईची मान खाली गेली. काचवालीच्या काळजाला गारवा मिळाला.

पाहुणे उठून गेल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं?"

"मला आईला चारचौघांत उघडं पाडायचं होतं."

"आईनं तुझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून."

काचवालीनं रिपोर्ट घडी करून पिशवीत कोंबला.

तपासणीत धाकटीतही तोच दोष निघाला. पंधरा दिवसांनी तिच्याशी लग्न जुळलेला मुलगा, बसवरचा कंडक्टर, एकटाच परत आला. दोघांनी डॉक्टरीणबाईंना सगळं खोदून खोदून विचारलं आणि मूल दत्तक घ्यायचं ठरवून लग्न केलं. ताईला बोलावलं नाही.

आई मात्र काचवालीच्या दारात येऊन उभी राहिली. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

"मग मागू नकोस. उद्यापासून याची खुर्ची शाळेपर्यंत तू ढकलायची. भावांचं जे लपवलंस, ते आता रोज बघ."

आई रोज येते. नातू वाटेत आजीला कोडी घालतो, तिला एकही सुटत नाही आणि तो खदखदून हसतो. चढावर म्हातारीला धाप लागते. काचवाली दारातून बघत असते, पण पुढे होत नाही.