पहिल्या तासाचं गणित

जाम गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची शाळा. तिथे दहावीचं गणित माझ्याकडे, आणि तेही कायम पहिल्या तासाला. आसपासच्या गावांतली मुलं सकाळच्या बसने येतात.

त्या वर्षी वडनेरकडून येणारी एक मुलगी होती. फळ्याकडे तोंड करून बसायची, पण लक्ष कुठेच नसायचं. चाचणीत तिला वीसपैकी चार मिळाले. आठवड्याने नापास झालेल्यांची फेरचाचणी घेतली. पहिला तास मोकळा नव्हता म्हणून ती मधल्या सुट्टीनंतर घ्यावी लागली. तिला सतरा मिळाले.

मी विचारपूसही केली नाही. सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "कुणाचं बघून लिहिलंस?"

"म्या कॉपी नाई केली, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर तिला प्रयोगशाळेत एकटीला बसवलं आणि तीन नवी गणितं दिली. तिने तिन्ही बरोबर सोडवली. मग वही बंद करून खाली मान घालून म्हणाली, "सकाळी मले काईच सुचत नाई. डोळ्यापुढं आकडे हालते."

"काऊन? घरून खाऊन येत नाहीस?"

"आई पहाटंच वावरात जाते. मी धाकट्याचं आवरून देतो, तवर बस येते. डब्बा खाल्ला की मंग बरं वाटते."

खाली आठवीपर्यंतच्या मुलांची खिचडी नुकतीच वाढून झाली होती. खिचडीचा वास अजून वर येत होता. दहावीला ती मिळत नाही.

मी वर्गात सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तिने मान वरच केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पोह्यांचा एक मोठा डबा नेऊ लागले. आधी ती एकटीच खायची, मग तिघीजणी झाल्या, दिवाळीनंतर अकरा मुलं. साडेचारला उठून कांदे चिरायचे, घरच्यांचं करायचं, मग सहा तास उभं राहायचं. मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, कशाले अंगावर घेता?" जानेवारीत माझी कंबर धरली आणि मी थांबले. मुलांना सांगताना ओशाळल्यासारखं झालं.

"चालते ना, मॅडम," ती म्हणाली.

त्यानंतर ती रात्रीच्याच पोळीला तिखट-तेल लावून आणायची आणि पायरीवर बसून घंटा व्हायच्या आत संपवायची. बोर्डात तिला गणितात अठ्ठ्याहत्तर मिळाले. पेढे घेऊन आली, पण घाईत होती, बसली नाही.

त्या अकरातली दोन मुलं मात्र मी डबा बंद केल्यावर पुन्हा बाकावर डोकं टेकवून बसू लागली होती. मला ते दिसत होतं. मी फळ्याकडे वळून पुढचं उदाहरण लिहायला घ्यायची.