स्टेजकडे पाठ केलेला माणूस

फोनवर नाव जब्बारभाईंचंच आलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी भांडायलाच सुरुवात केली. "अहो, हायत कुठं तुम्ही? नांदेडच्या शोचे पास कुणाकडून घ्यायचे ते सांगणार होता ना?" पलीकडून त्यांच्या बायकोचा, भाभींचा आवाज आला, "मैं उनके घर से बोल रही, बेटा..." दुपारी जेवून आडवे झाले, चहाला उठवायला गेले तर... पुढचं भाभींना बोलता आलं नाही आणि मला ऐकता आलं नाही. मी लातूरच्या स्टुडिओत एका लग्नाचे फोटो निवडत होते. फोन ठेवला आणि खुळ्यासारखी तेच काम पुढं करत बसले. नवरदेवाचे डोळे मिटलेले फोटो इकडं, उघडे तिकडं. मग एकाएकी उठले, चप्पल न घालताच रस्त्यावर आले, परत आत गेले. तेव्हापासून माझं हे असंच चाललंय. एका जागी बूड म्हणून टिकत नाही.

जब्बारभाई देगलूरचे. नांदेड-लातूर भागात गाण्याचा मोठा कार्यक्रम असला की स्टेजपुढची सुरक्षा त्यांच्याकडं. अंगानं दांडगे, मिशीचा भारी अभिमान. बोलणं मराठीत सुरू होऊन तेलुगूत संपायचं आणि शिवी तेवढी दखनीत. मी त्याच कार्यक्रमांत बँडचे फोटो काढते. स्टेज आणि गर्दी अडवायचं लोखंडी बॅरिकेड, यांच्या मधे एक अरुंद बोळ असतो. त्या बोळात मी स्टेजकडं तोंड करून आणि ते गर्दीकडं तोंड करून, पाठीला पाठ लावून आम्ही उभे. स्पीकर इतका जवळ की छाती हादरते, बोललेलं काही ऐकू येत नाही. मग आम्ही कोपरानं बोलायचो. एक ढुशी म्हणजे खाली बसा, मागच्यांना दिसेना झालंय. जोराची ढुशी म्हणजे निघा, गर्दी रेटून राहिली. डोळा कॅमेऱ्याला लावून मी उलटी चालायला लागले की त्यांचा पंजा माझ्या पाठीला टेकायचा आणि मग मला मागं काय आहे याची फिकीर नसायची. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण त्यांचं तोंड मी बघितलं ते कार्यक्रमाआधी जेवताना. जेवायचेही दणकून. बँडसाठी आलेली बिर्याणी आधी आमच्या माणसांना, मग कलाकारांना, असा त्यांचा कायदा होता आणि त्यावरून त्यांची दर शोला कुणाशी तरी जुंपायची.

आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, माझं हे काम कधीच पटलं नाही. रेणापूरजवळ आमची शेती. "लग्नाचे फोटू काढ, बारशाचे काढ, कोण न्हाई म्हणतंय? त्या धिंगाण्यात परक्या पोरांच्या गर्दीत काय काम हाय तुझं?" एकदा तर थेट लातूरच्या मैदानावर आले, मला घेऊन जायलाच. मी बॅग आवळून बसले होते, रडायच्या बेतात. जब्बारभाईंनी त्यांना बाकड्यावर बसवलं, चहा दिला. आण्णांनी विचारलं, "हिला काय झालं तर? गॅरंटी काय?" जब्बारभाई म्हणाले, "मामा, गॅरंटी फ्रिजची असती. मी उभा हाय, एवढंच सांगू शकतो." आण्णा बराच वेळ बॅरिकेड हलवून बघत राहिले. मग मला म्हणाले, "हा जब्बार हाय तोवर जा." त्या 'तोवर'कडं तेव्हा माझं लक्षच गेलं नाही.

आणि नांदेडचा तो किस्सा! पुण्याचा एक बँड आला होता. त्यातल्या गाणाऱ्याच्या डोक्यात आलं की पहिलं गाणं गर्दीतून गात यायचं. बेत फक्कड, पण सुरक्षावाल्यांना कुणी सांगितलंच नाही. कधीच सांगत नाहीत. गाणं सुरू झालं, आवाज सगळा स्पीकरमधून, त्यामुळं जब्बारभाईंच्या हिशोबानं गाणारा आपल्या पाठीमागं स्टेजवर. समोरून एक पोरगा बॅरिकेडवर पाय टाकून चढला. ह्यांनी त्याला कमरेला धरून अलगद वर उचललं आणि दरडावलं, "पास हाय का? पास दाखव रे!" पोराच्या हातातला माइक चालू. अख्ख्या मैदानानं ते ऐकलं! लोक ओरडताहेत, "अहो भाई, तोच हाय, तोच हाय!" आणि हे ढिम्म. या बँडची रखवाली त्यांनी त्याआधी कितीतरी वेळा केली होती. गाणी पाठ होती, पण गाणाऱ्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. मॅनेजर लालबुंद, ह्याला आत्ताच्या आत्ता काढा म्हणून. गाणाराच हसून म्हणाला, "त्यांना काढलंत तर मीही निघालो. माझ्याकडं पास नाहीये."

मी काढलेला तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. देगलूरच्या हॉटेलात जब्बारभाई शिरले की लोक विचारायचे, "भाई, पास आणला का?" ते माझ्यावर फुगून बसले. पुढच्या शोला ढुशासुद्धा रागानं मारत होते. मी म्हटलं, "अहो, एकदा तरी वळून बघा ना! एक गाणं. तेवढ्यापुरती मी उभी राहते तुमच्या जागेवर." "तुम्ही? चार पोरं नुसती शिंकली तरी उडून जाताल." मी चिडले, ते हसले आणि विषय तिथंच राहिला. पण माझ्या डोक्यातून काही जाईना. ज्या गोष्टीसाठी एवढी माणसं धक्के खात येतात, ती या माणसाच्या दोन हात मागं चाललेली आणि हा वळत नाही! असं कसं जमतं? मला त्यांचा राग यायचा, खरंच राग यायचा.

ते गेल्यावर लातूरला एक शो केला. नवी पोरं होती, सभ्य होती, पण माझी पाठ उघडी पडली होती. दर दोन फोटोंनंतर मी मागं वळून बघायची. ढोलकीवाल्याची बोटं टिपायची राहून गेली, गाणारीनं डोळे मिटले ते गेलं. घरी येऊन बघते तर माइकचे दांडे आणि अर्धी डोकी. आण्णांचा फोन आला, "जब्बार न्हाई आता. बास कर." एरवी मी तोंडाला तोंड दिलं असतं. या वेळी नुसतं "हाव, करते" म्हटलं. येऊ घातलेल्या नांदेडच्या शोला नाही म्हणायचं मनाशी पक्कं केलं आणि भाभींना भेटायला देगलूरला गेले.

बैठकीत नातवंडं टीव्हीवर गाण्याची स्पर्धा बघत होती. दाराशी एक खुर्ची, तोंड गल्लीकडं, टीव्हीकडं पाठ. "उनकी है," भाभी म्हणाल्या. घरात गाणं लागलं तरी ते असेच बसायचे म्हणे. मी त्यांना सांगून टाकलं, "भाभी, मी हे काम सोडून देतेय." त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी त्या खुर्चीत बसले. समोर भाजीचा गाडा, एक शेळी, खांबावर चढलेला वायरमन. मागं टीव्हीवर कुणी मुलगी गायला लागली. काय आवाज होता! पोरं चिडीचूप झाली. मी ठरवलं, वळायचं नाही. त्यांनी जन्मभर केलं, मला एक गाणं जमू नये? खुर्चीचे हात घट्ट धरले. तिनं पहिल्या कडव्यात सूर वर नेला आणि मी खुर्चीसकट फरशीवर करकर आवाज करत वळले.

दारात भाभी कप घेऊन उभ्या. मी ओशाळून खुर्ची सरळ करायला उठले. "रहने दो," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसूनही राहिल्या होत्या. "मी लई भांडले त्यांच्यासंगं. एकदा तरी बघा म्हटलं गाणाऱ्याकडं. तर म्हणायचे, 'ती फोटोवाली बघती की. दोघांनीबी तिकडंच बघितलं तर कसं चालंल?'"

मला हुंदका आवरेना... चहा हातात तसाच गार झाला, पण ते गाणं मी शेवटपर्यंत बघितलं. देगलूरच्या स्टँडवरूनच नांदेडला फोन लावला, येते म्हणून कळवलं. आण्णांना अजून सांगितलेलं नाही. ओरडतील. ओरडू देत. मला बघायचंय.