अकरा नंबरचा सांधा

कारखान्यात तिला सगळे घासबाई म्हणायचे. दुसऱ्यांनी जोडलेल्या पाइपांचे सांधे ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायचे, हे तिचं काम. या देशात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहाही वर्षं घासण्यातच गेली. खरं तर ती हाडाची वेल्डर, वडिलांच्या हाताखाली बॉयलरचे सांधे जोडत वाढलेली. पण फोरमनचं ठाम मत होतं की बाहेरून आलेल्यांचं काम कच्चं. हे मत त्याने कधी तपासून पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते चांगलं टिकलं होतं.

दर वर्षी ती वेल्डरच्या जागेसाठी अर्ज करायची. तो वरचं नाव वाचून अर्ज बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वेळी बघू."

सासूबाई घरी वैतागायच्या. "दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार, तशी त्या मेल्याची पुढची वेळ!"

मग सरकारने कायदा केला. माणूस कुठून आला, कसा बोलतो, कसा दिसतो हे बघायचं नाही, फक्त काम बघायचं. जागेसाठी परीक्षा घ्यायची, जोडलेल्या नमुन्यावर नावाऐवजी नंबर, आणि ओळख पटेल अशी कसलीही खूण आढळली की नमुना बाद. देखरेखीला सरकारी परीक्षकबाई. फोरमन कुरकुरला, "आता सरकार आम्हाला लोखंड शिकवणार!" तरी तो निर्धास्त होता, कारण त्याचा मेहुणाही परीक्षेला बसला होता. जागा एकच होती, आणि पुढची परीक्षा थेट तीन वर्षांनी.

बारा जण बारा पडद्यांआड दोन-दोन पाइप जोडायला बसले. तिचा नंबर अकरा. सहा वर्षांनी हातात वेल्डिंगची दांडी आली, पण हात विसरला नव्हता. वेळेआधीच सांधा झाला. ती खूश झाली, आणि त्या खुशीत छिन्नी उचलून तिने पाइपाच्या कडेला तीन रेघा ठोकल्या. तिच्या गावच्या कारखान्यात रीतच होती ती. काम संपलं की प्रत्येकाने आपली खूण ठोकायची, म्हणजे उद्या फुटलं तर कोणाला धरायचं ते कळतं.

तिसरी रेघ उमटली आणि तिला नियम आठवला. खूण म्हणजे नमुना बाद!

दहा मिनिटं उरली होती. तिने ग्राइंडर ओढला. जास्त घासलं तर कड पातळ होणार, कमी घासलं तर रेघा दिसणार. पण घासणं तिला झोपेतही येत होतं, त्याची सोय फोरमननेच केली होती. घंटा झाली तेव्हा कडेवर नखसुद्धा अडकत नव्हतं.

दुपारी सगळ्यांसमोर फोरमन एकेका सांध्यातून कापलेली पट्टी प्रेसमध्ये वाकवून बघू लागला. कुठे तडा गेला, कुठे तुकडाच पडला. अकरा नंबरची पट्टी पार दुमडली तरी केसाएवढी चीर नाही. फोरमनला भरून आलं. "याला म्हणतात कारागीर! आपल्याच मातीतला असणार!" म्हणत त्याने मेहुण्याची पाठ थोपटली.

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, "दाजी, माझा नंबर चार."

चार नंबरचे दोन तुकडे टेबलावर पडले होते.

"मग अकरा कोणाचा?"

घासबाईने हात वर केला. फोरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. "असं कसं? परत करून दाखव. माझ्यासमोर."

परीक्षकबाईंनी फाइल उघडली. "तसा नियम नाही. त्यांची मर्जी असेल तरच."

सगळे तिच्याकडे वळले. ती डोळे मिटूनही करू शकली असती. पण तिला रागच आला, सहा वर्षांचा साठलेला.

"साहेब, सहा वर्षं दाखवायला तयार होते, तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. आता नाही दाखवणार. सोमवारपासून कामावर बघा."

पहिली टाळी मेहुण्यानेच वाजवली. मग सगळी शेड टाळ्यांनी दणाणली, आणि त्या गडबडीत फोरमनला नेमणुकीवर सही करावी लागली.

सोमवारी ती मुख्य पाइपावर वेल्डिंग करत होती. फोरमन दुसरंच काही शोधतोय असं दाखवत तासभर मागे घुटमळत राहिला. शेवटी तिने तोंडावरची काच वर केली. "साहेब, काही चुकतंय का?"

"नाही," तो म्हणाला. मग जड जिभेने पुढे म्हणाला, "मला असा सांधा येत नाही."

"मग जवळ या," ती म्हणाली. "लांबून नाही दिसत."